यंत्र कोणाचे, भुर्दंड कोणाला : फ्रँचायझी व्यवसायातील तंत्रज्ञानाचा इतिहास

एखाद्या उद्योगाने त्याला लागणारे तंत्रज्ञान स्वतः घडवावे की बाजारातून विकत घ्यावे, हा प्रश्न एकाच मालकाच्या कंपनीत बऱ्याच अंशी हिशेबाचा असतो, कारण तेथे निर्णय घेणारा, पैसे मोजणारा आणि निर्णय फसल्यास तोटा सोसणारा एकच असतो. फ्रँचायझी व्यवसायात या तिन्ही भूमिका वेगवेगळ्या हातांत असतात. आपले नाव, व्यापारचिन्ह आणि धंदा चालवण्याची ठरीव पद्धत वापरण्याचा परवाना एखादी कंपनी दुसऱ्या, कायद्याने स्वतंत्र असलेल्या व्यावसायिकाला मोबदला घेऊन देते, त्या व्यवस्थेला फ्रँचायझी म्हणतात. दुकान त्या व्यावसायिकाचे, कर्ज त्याच्या नावावर आणि नोकरांचा पगार त्याच्या खिशातून. पण स्वयंपाकघरात कोणते यंत्र बसवायचे आणि गल्ल्यावर कोणती संगणकप्रणाली चालवायची, हे ठरवण्याचा अधिकार बहुधा मूळ कंपनी स्वतःकडे राखते. अमेरिकेतील खाद्यगृहांच्या साखळ्यांचा गेल्या सुमारे पंचाऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर घडवण्याची किंवा विकत घेण्याची निवड वरवर तांत्रिक दिसत असली, तरी त्यामागचे खरे झगडे यंत्रावर हुकूम कोणाचा आणि त्याचा भुर्दंड कोणाला, यावरून झालेले आढळतात.

या इतिहासाच्या आरंभी यंत्र हीच फ्रँचायझी होती. इलिनॉय राज्यातील मॅककुलो पितापुत्रांना मऊ, अर्धवट गोठलेले आइस्क्रीम विकायचे होते. १९३८ साली कँककी गावातील एका दुकानात त्यांनी ते लोकांना चाखवून पाहिले आणि त्यावर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, पण असा पदार्थ सतत आणि सारख्या दर्जाचा देत राहील असे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. ते यंत्र हॅरी ओल्ट्झ या संशोधकाकडे होते, त्याचे पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळालेले होते. १९३९ च्या करारानंतर १९४० मध्ये जोलिएट येथे पहिले ‘डेअरी क्वीन’ उघडले आणि १९५५ पर्यंत दुकानांची संख्या सुमारे २,६०० वर गेली. या विस्तारात नव्या दुकानदाराला मिळे तो मुख्यतः यंत्र वापरण्याचा आणि ठरावीक प्रदेशात धंदा करण्याचा हक्क, आणि मोबदल्याची रक्कम यंत्रातून गेलेल्या मिश्रणाच्या गॅलनांवर मोजली जाई. हिशेब सोपा होता, पण त्याचा पाया एका मुदतबंद हक्कावर होता. पेटंटची मुदत १९५० च्या दशकात संपली, आणि ज्या यंत्रासाठी पैसे द्यायचे ते आता कोणालाही बनवता येत असेल, तर पैसे कशासाठी द्यायचे, असा रास्त प्रश्न काही प्रदेशधारकांनी न्यायालयात उभा केला. साखळीचे नाव आणि तिचे यंत्र यांतील अधिक टिकाऊ कोणते, हे या वादांतून सगळ्याच धंद्याला कळून चुकले, आणि पुढच्या पिढीतील कंपन्यांनी करारात यंत्राऐवजी नावाला केंद्रस्थानी आणले.

उसन्या यंत्रावर साखळी उभारण्याचा दुसरा प्रयोग फ्लोरिडात झाला. १९५३ मध्ये जॅक्सनव्हिल येथे सुरू झालेल्या ‘इन्स्टा बर्गर किंग’च्या नावातच यंत्र होते, कारण मिल्कशेक बनवणारे आणि मांसाच्या चकत्या भाजणारे अशी दोन ‘इन्स्टा’ यंत्रे वापरण्याचे हक्क तिच्या संस्थापकांनी घेतलेले होते आणि प्रत्येक फ्रँचायझीधारकाला तीच बसवावी लागत. भाजणीच्या यंत्रात चकत्या तारेच्या जाळ्यांत ठेवून तापलेल्या भागावरून फिरवल्या जात. ठिबकणाऱ्या चरबीने यंत्राचे भाग खराब होत, ते वारंवार बंद पडे, आणि बंद पडलेल्या यंत्रासमोर खोळंबलेले गिऱ्हाईक मात्र जॅक्सनव्हिलच्या कार्यालयाला न दिसता दुकानदाराला दिसे. मायामीतील फ्रँचायझीधारक डेव्हिड एजर्टन यांनी वैतागून त्या यंत्रावर कुऱ्हाड चालवली आणि त्याच्या जागी, चालत्या साखळीवरून चकत्या ज्वाळांवर नेणारी भट्टी स्वतः तयार करवून घेतली, अशी हकिगत त्या कंपनीच्या इतिहासात नोंदलेली आहे. एजर्टन आणि त्यांचे भागीदार जेम्स मॅकलमोर यांनी नावातील ‘इन्स्टा’ काढून टाकले, आणि मूळ कंपनी आर्थिक अडचणीत आल्यावर देशभराचे हक्कही त्यांच्याकडेच आले. पुढे जगभर ज्वाळेवरील भाजणीची जाहिरात करणाऱ्या ‘बर्गर किंग’चा हा वारसा एका फ्रँचायझीधारकाच्या वैतागातून आलेला आहे. ही घटना एका साखळीपुरती ठेवून चालणार नाही, कारण यंत्राचे दोष ज्याला रोज सोसावे लागतात त्याच्या हातात सुधारणेचा अधिकार असला, तर काय घडू शकते, याचा एवढा स्पष्ट दाखला या धंद्याच्या पुढील इतिहासात क्वचितच सापडतो.

मॅकडॉनल्ड्समध्ये त्याच काळात वेगळी वाट चोखाळली गेली. रे क्रॉक स्वतः यंत्रविक्रेते होते. एकाच वेळी पाच मिल्कशेक घुसळणारे ‘मल्टिमिक्सर’ विकता विकता ते १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडॉनल्ड बंधूंच्या दुकानात पोहोचले, आणि १९५५ मध्ये त्यांनी इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे आपले पहिले दुकान उघडले. आपल्या फ्रँचायझीधारकांना यंत्रे किंवा माल विकून नफा कमवायचा नाही, असे धोरण त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. पुरवठादार तिसराच असावा, कंपनीने वस्तूचा दर्जा ठरवून द्यावा आणि दुकानदाराने थेट पुरवठादाराकडून घ्यावे, अशी ती रचना होती. तरीही जे बाजारात मिळतच नव्हते ते घडवणे भाग पडले, आणि त्यातील बटाट्याची कथा तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

बटाट्याचे तळलेले काप प्रत्येक दुकानात सारखे उतरावेत, ही क्रॉक यांची तळमळ होती, पण बटाट्याची जात, साठवणीचे दिवस आणि त्यातील पाण्याचे प्रमाण बदलले की तळणीचा वेळही बदले, त्यामुळे घड्याळ लावून तळण्याचा उपाय लागू पडेना. लुई मार्टिनो या विद्युत अभियंत्याने तेलाच्या तापमानाच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा असे दिसले की थंड काप टाकल्यावर तेलाचे तापमान झपाट्याने उतरते, पण ते किती उतरते ते दर वेळी वेगळे असते. काप तयार होण्याचा क्षण मात्र, नीचांकापासून तापमान पुन्हा तीन अंश फॅरेनहाइट चढले की, न चुकता येतो. हा नियम सापडल्यावर तेलात एक संवेदक बसवून कढईलाच वेळ ठरवू देणारे उपकरण तयार झाले, आणि कंपनीत ते ‘पोटॅटो कॉम्प्युटर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. अनुभवी आचाऱ्याच्या डोळ्यांत असलेली जाण अशा रीतीने उपकरणात उतरली, आणि शाळकरी वयाच्या नोकराच्या हातूनही तोच पदार्थ निघू लागला. स्वतः घडवण्याचा निर्णय येथे योग्य ठरला, कारण अडचण त्या धंद्याच्या गाभ्याची होती, ती सोडवणारा माणूस कढईपाशी उभा होता, आणि उपकरण दुकानदाराला विकून त्यावर कमाई करण्याचा हेतू त्यामागे नव्हता.

हा शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा होता, हे ‘चिकन डिलाइट’ या साखळीच्या पतनातून दिसते. १९५२ मध्ये सुरू झालेली ही कंपनी फ्रँचायझीधारकांकडून प्रवेशशुल्कही घेत नसे आणि विक्रीवर स्वामित्वशुल्कही घेत नसे, त्यामुळे वरवर पाहता सौदा फारच उदार वाटे. अट एवढीच होती की ठरावीक संख्येने शिजवण्याची आणि तळण्याची यंत्रे, तसेच कोंबडीला लावायचे मिश्रण आणि कागदी वेष्टने, हे सर्व कंपनीकडूनच घ्यावे, आणि या वस्तूंचे दर बाजारभावापेक्षा चढे होते. एक वस्तू हवी असेल तर दुसरीही आमच्याकडूनच घेतली पाहिजे, अशा सक्तीला कायद्याच्या परिभाषेत जोडविक्री म्हणतात. कॅलिफोर्नियातील फ्रँचायझीधारकांनी दावा लावला, आणि १९७१ मध्ये संघराज्याच्या नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की व्यापारचिन्हाचा परवाना ही एक स्वतंत्र वस्तू आहे आणि तिच्या आडून कढया व कागद गळ्यात मारणे मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. दर्जा राखण्यासाठी हे आवश्यक होते, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला, कारण अपेक्षित दर्जाचे वर्णन लिहून देऊन तोच हेतू साधता आला असता. या निर्णयानंतर विक्रीच्या टक्केवारीवर शुल्क घेण्याकडे आणि यंत्रपुरवठा मान्यताप्राप्त तिसऱ्यांवर सोपवण्याकडे साखळ्यांचा ओढा वाढला.

कढईचे वर्णन लिहून देता येते; संगणकाच्या जाळ्याचे तितक्या सहजपणे देता येत नाही, आणि येथून इतिहासाला वेगळे वळण लागले. १९५२ मध्ये मेम्फिस येथे स्थापन झालेल्या ‘हॉलिडे इन’ या हॉटेलसाखळीने १९६५ मध्ये आयबीएमच्या यंत्रांवर ‘हॉलिडेक्स’ ही आरक्षणव्यवस्था सुरू केली, तेव्हा एका गावातल्या हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाला पुढच्या मुक्कामाची खोली तेथूनच राखून ठेवता येऊ लागली. अशी व्यवस्था प्रत्येक हॉटेलवाल्याने आपापल्या पसंतीने घेतली असती तर ती निरुपयोगी ठरली असती, कारण सगळे एकाच जाळ्यात असणे हाच तिचा उपयोग होता. जोडविक्रीच्या वादात दुकानदाराच्या बाजूने असलेला युक्तिवाद येथे दुबळा होतो, आणि तो का दुबळा होतो हे प्रामाणिकपणे मान्य केल्याशिवाय पुढील चाळीस वर्षांचा अर्थ लागत नाही.

गल्ल्यावरचा संगणक सत्तरच्या दशकात आला. इंटेलच्या ८००८ या सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारी रोकडनोंदणी यंत्रे १९७४ मध्ये मॅकडॉनल्ड्ससाठी बनवली गेली, आणि त्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील ‘पार टेक्नॉलॉजी’ या, मुळात संरक्षण खात्याची कामे करणाऱ्या कंपनीने त्याच साखळीच्या निमित्ताने या धंद्यात पाऊल टाकले. त्यानंतर बराच काळ विकत घेणे हाच प्रघात राहिला, आणि एकाच साखळीच्या दुकानांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणाली नांदत राहिल्या.

हा प्रघात ‘डॉमिनोज’ने मोडला. १९६० मध्ये मिशिगनमध्ये सुरू झालेल्या आणि १९६७ पासून फ्रँचायझी देणाऱ्या या साखळीने ‘पल्स’ ही स्वतःची प्रणाली घडवून २००३ च्या सुमारास दुकानांत बसवायला घेतली आणि फ्रँचायझीधारकांनाही ती सक्तीची केली. मिनेसोटातील काही फ्रँचायझीधारकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या करारात असे कलम होते की कंपनीने ठरवून दिलेल्या निकषांत बसणारी संगणकसामग्री दुकानदाराला कोणाकडूनही घेता येईल. कंपनीने मात्र निकषांतच ‘पल्स’चे नाव घातल्याने दुसरी कोणतीही प्रणाली त्यांत बसणे अशक्य झाले. खालच्या न्यायालयाने दुकानदारांचे म्हणणे मान्य केले, पण २००८ मध्ये आठव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि एकच प्रणाली नेमण्याचा कंपनीचा अधिकार मान्य केला. ‘चिकन डिलाइट’च्या निकालाने दुकानदाराला दिलेले संरक्षण संगणकाच्या बाबतीत किती तोकडे आहे, हे येथे उघड झाले.

व्यावसायिक दृष्टीने पाहता डॉमिनोजचा निर्णय यशस्वी ठरला, हे नाकारता येत नाही. सर्व दुकानांत एकच प्रणाली असल्यामुळे २००७ मध्ये इंटरनेटवरून मागणी घेणे आणि २००८ मध्ये पिझ्झा ओव्हनमध्ये आहे की वाटेत आहे हे गिऱ्हाइकाला दाखवणे शक्य झाले, आणि पुढील दशकात अमेरिकेतील तिच्या विक्रीचा निम्म्याहून अधिक भाग या मार्गाने येऊ लागला. पण त्याबरोबर एक जुनी गोष्ट नव्या रूपात परत आली. मूळ कंपनी पुन्हा यंत्राची विक्रेती झाली, प्रणालीची देखभाल आणि इंटरनेटवरील प्रत्येक मागणी यांवरचे शुल्क तिच्या उत्पन्नात धरले जाऊ लागले, आणि दुकानदाराकडे सौदा करण्यासाठी दुसरा पुरवठादार उरला नाही. यश मिळाले म्हणून हा बदल नजरेआड करणे योग्य नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्रँचायझीविषयक नियम २००७ मध्ये सुधारले, तेव्हा करारापूर्वी द्यावयाच्या माहितीपत्रात संगणकप्रणालीची किंमत, वार्षिक देखभालीचा खर्च, सुधारित आवृत्ती घेण्याचे बंधन आणि दुकानाच्या विक्रीची माहिती मूळ कंपनीला परस्पर पाहता येते की नाही, हे सांगणे आवश्यक ठरवले, यावरून हा खर्च किती गंभीर झाला होता याची कल्पना येते.

घडवण्याचे सगळेच प्रयत्न फळले असे मात्र नाही. मॅकडॉनल्ड्सने या शतकाच्या आरंभी ‘इनोव्हेट’ नावाची योजना आखली. जगभरच्या दुकानांतील कढया, शीतकपाटे आणि गल्ले ओक ब्रूक येथील मुख्यालयाशी एका जाळ्याने जोडून क्षणोक्षणीची माहिती मिळवावी, अशी तिची महत्त्वाकांक्षा होती. योजना २००२ मध्ये गुंडाळण्यात आली आणि सुमारे १७ कोटी डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकावे लागले. मार्टिनोच्या उपकरणाने एका कढईचा प्रश्न सोडवला होता, तर या योजनेने मुख्यालयाची उत्सुकता भागवण्याचा घाट घातला होता, आणि तिच्या अपयशाचे मूळ या फरकात शोधणे वाजवी ठरेल. पुढे त्याच कंपनीने तिसरा मार्ग धरला आणि प्रणालीऐवजी प्रणाली बनवणाऱ्या कंपन्याच विकत घेतल्या. गिऱ्हाइकानुसार फलकावरील पदार्थ बदलणारी ‘डायनॅमिक यील्ड’ २०१९ च्या मार्च महिन्यात आणि बोलून दिलेली मागणी समजून घेणारी ‘अप्रेंटे’ त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तिच्या ताब्यात आली. २०२१ संपण्यापूर्वी पहिली मास्टरकार्डला आणि दुसरीतून उभा राहिलेला विभाग आयबीएमला विकण्याचे जाहीर झाले, आणि आयबीएमसोबतचा मोटारीतून मागणी घेण्याचा स्वयंचलित प्रयोगही २०२४ मध्ये थांबवला गेला. दरम्यान तंत्रज्ञानशुल्काच्या थकबाकीवरून २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील फ्रँचायझीधारक आणि कंपनी यांच्यात उघड वाद झाला. जेथे जगभरची सुमारे ९५ टक्के दुकाने फ्रँचायझीधारकांच्या मालकीची आहेत, तेथे मुख्यालयाच्या अशा खरेदी-विक्रीचे ओझे कोठे जाऊन पडते याविषयी ते साशंक होते, आणि त्यांची शंका निराधार म्हणता येणार नाही.

बाहेरून घेतलेले यंत्रही दुकानदाराच्या हातात राहतेच असे नाही. मॅकडॉनल्ड्सच्या आइस्क्रीम यंत्रांचा पुरवठा इलिनॉयमधील टेलर कंपनी १९५० च्या दशकापासून करत आली आहे. या यंत्रात उरलेले दुधाचे मिश्रण रात्री सुमारे चार तास तापवून पुन्हा थंड केले जाते. या चक्रात कोठे बिघाड झाला तर यंत्र सांकेतिक संदेश दाखवून बंद पडते, आणि कारण कळण्यासाठी बहुधा अधिकृत तंत्रज्ञाला बोलवावे लागते. ‘किच’ या लहान कंपनीने २०१९ मध्ये यंत्राला जोडायचे एक उपकरण आणले, ते आतील नोंदी वाचून दोष दुकानदाराच्या मोबाइलवर सांगत असे. सुरक्षिततेचे कारण देऊन मॅकडॉनल्ड्सने नोव्हेंबर २०२० मध्ये ते काढून टाकण्याची सूचना फ्रँचायझीधारकांना केली. त्यातून खटले उभे राहिले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या प्रक्रियेतून दुकानांतील अन्न बनवणाऱ्या यंत्रांची डिजिटल कुलुपे दुरुस्तीसाठी उघडण्यास सूट मिळाली. एजर्टन यांच्या कुऱ्हाडीला जे स्वातंत्र्य होते, तेवढे मिळवण्यासाठी सत्तर वर्षांनंतर कायद्यातील अपवादाची गरज पडली.

महाराष्ट्रात हा इतिहास दोन वाटांनी पोहोचला. १९९६ मध्ये मॅकडॉनल्ड्स मुंबईत आणि डॉमिनोज दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्यासोबत ठरीव यंत्रे, पुरवठादारांची साखळी आणि प्रक्रिया-कारखानेही आले. दुसरी वाट २००४ मध्ये कल्याणला सुरू झालेल्या ‘गोली वडापाव’ची. वेंकटेश अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुरू केलेल्या या साखळीत आरंभी वडे हाताने बनत, त्यामुळे आकार आणि चव प्रत्येक ठिकाणी बदले, माल लवकर खराब होई आणि विक्रीचा हिशेबही लागत नसे. स्वतःचा यांत्रिक कारखाना उभारण्याइतके भांडवल नव्हते. म्हणून तळोजा येथील, मॅकडॉनल्ड्सला माल पुरवणाऱ्या ‘विस्टा प्रोसेस्ड फूड्स’कडून यंत्रावर घडवलेले गोठीव वडे घेण्याचा मार्ग तिने स्वीकारला. अमेरिकी बर्गरसाठी आलेल्या तंत्राने मराठी माणसाचा वडा घडवला जावा, हा या इतिहासातील विलक्षण सांधा आहे, आणि अपुऱ्या भांडवलाच्या साखळीने बाहेरची क्षमता किती शहाणपणाने वापरावी याचे ते उत्तम उदाहरण आहे.

फ्रँचायझी घेणाऱ्याच्या संरक्षणाची स्थिती मात्र भारतात अमेरिकेहून फार वेगळी आहे. फ्रँचायझीसाठी येथे स्वतंत्र कायदा नाही आणि करारापूर्वी माहितीपत्र देण्याचे बंधनही नाही. १८७२ चा करार कायदा लागू होतो, आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात जोडविक्रीचा उल्लेख असला, तरी स्पर्धेवर लक्षणीय दुष्परिणाम झाल्याचे दाखवल्याशिवाय त्याचा आधार मिळत नाही. नाशिक किंवा कोल्हापुरात घर गहाण टाकून एखाद्या साखळीचे दुकान घेणाऱ्या तरुणाला बिलिंगची प्रणाली कोणाची, तिचे मासिक शुल्क कोण आणि कधी वाढवू शकतो, घरपोच मागणीच्या अ‍ॅपवरील गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक करार संपल्यावर कोणाकडे राहतात, आणि बंद पडलेले यंत्र उघडण्याची मुभा त्याला आहे की नाही, हे सर्व सही करण्यापूर्वी करारातच लिहून घ्यावे लागते, कारण नंतर विचारण्यासाठी त्याच्याजवळ दुसरा कोणताही कागद नसतो.